बायबलमध्ये तारीख नाहीये साहेब

संपादक साहेब, नमस्कार.

2025 च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने यूट्यूबवर सांगितलं की 23-24 तारखेला येशू येणार आणि विश्वासणाऱ्यांना वर घेऊन जाणार, आणि तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर यायला फार वेळ लागला नाही. आमच्या एका मावशीने तर त्या महिन्याचा भिशीचा हप्ताच दिला नाही, म्हणे आता कशाला. हसू नका, खरंच सांगतोय. त्यात एका पेपरने चौकट छापली, "बायबलनुसार जगाचा अंत". कुठला पेपर ते सोडा, पण त्या "बायबलनुसार" शब्दासाठी हे पत्र लिहितोय. मी श्रीरामपूरला बरीच वर्षं संडे स्कूल घेतो, पंडित वगैरे नाहीये, पण पुस्तक बऱ्यापैकी वाचलंय.

पहिली गोष्ट म्हणजे शेवटच्या काळाबद्दलची शिकवण बायबलमध्ये एका जागी, एकदम, टाइमटेबलसारखी दिलेलीच नाहीये. ती शेकडो वर्षांत वाढत गेलीय. जुन्या करारातली बरीच स्तोत्रं वाचा, मेलेला माणूस अधोलोकात जातो, तिथे देवाची स्तुतीसुद्धा होत नाही, बस, विषय संपला. मग आमोस संदेष्टा येतो, तकोवाचा गुराखी, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा साधा माणूस, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. लोक मजेत होते, म्हणत होते परमेश्वराचा दिवस येऊ दे म्हणजे आपल्या शत्रूंची जिरेल, आणि हा म्हणाला तो दिवस तुमच्यासाठी उजेड नाही अंधार आहे, कारण तुम्ही गरिबाला जोड्याच्या किमतीत विकताय. पुढे यरुशलेम पडलं, लोक बाबेलला कैद होऊन गेले, तेव्हा त्याच देवाचा निरोप बदलला, यहेज्केल संदेष्ट्याला सुक्या हाडांचं खोरं दिसलं आणि हाडाला हाड जोडलं गेलं. म्हणजे सुस्तावलेल्यांना धाक, आणि पिचलेल्यांना धीर. दानीएलाच्या पुस्तकात मेलेले मातीतून उठतील हे सगळ्यात स्पष्ट येतं, आणि ते छळाच्या काळाशी बांधलेलं आहे, देवळात मूर्तिपूजा घुसवणारा राजा, धर्मासाठी मरणारे लोक, त्यांचं पुढे काय, हा प्रश्न त्यामागे आहे.

येशूने काय केलं तर दानीएलातला "मनुष्याचा पुत्र" हा शब्द स्वतःला लावला, यरुशलेमच्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं सांगितलं (इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते खरंच पाडलं), पण त्या दिवसाबद्दल आणि त्या घटकेबद्दल स्वच्छ म्हणाला की ते पुत्रालाही (म्हणजे त्याला स्वतःलाही) ठाऊक नाही, फक्त पित्याला. मार्कच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आहे, कोणीही उघडून बघा. आता जे पुत्राला ठाऊक नाही ते यूट्यूबवरच्या माणसाला कसं कळलं हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आता जरा थेस्सलनीका या ग्रीक शहराबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ तिथल्या पत्रावरून होतो. साधारण इ.स. 50 च्या आसपास येशूचा निरोप गावोगावी नेणाऱ्या पौलाने तिथल्या मंडळीला (म्हणजे चर्चला) लिहिलं. त्यांच्यातली काही माणसं वारली होती आणि बाकीच्यांना काळजी की येशू येईल तेव्हा आमचे मेलेले मागे राहणार की काय. पौल म्हणतो नाही, ते आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे होण्यासाठी अंतराळात घेतले जाऊ. रॅप्चर रॅप्चर (विश्वासणाऱ्यांना वर उचललं जाणं) म्हणतात ते हेच वाक्य. पण आपल्या मराठीत "सामोरे" शब्द आहे ना, तो नीट वाचा. लग्नात नवरदेव गावाच्या वेशीवर आला की मुलीकडचे त्याला सामोरे जातात, सीमांतपूजन करतात आणि वाजतगाजत गावात घेऊन येतात. वेशीवरूनच त्याच्या घोड्यामागे बसून त्याच्या गावाला पळून जात नाहीत! मूळ ग्रीक शब्दही तसाच आहे, दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोऱ्या जाणाऱ्या मुलींसाठी तोच वापरलाय, आणि पौल रोमला पोचत असताना तिथले भाऊ त्याला आणायला वाटेत आले तिथेही तोच. ते त्याला घेऊन रोमलाच परत गेले. काही पास्टर माझ्याशी यावर भांडतील, भांडू द्या, पण जगातून गुपचूप उचलून नेण्याची ती वेगळी थिअरी 1830 नंतर डार्बी नावाच्या उपदेशकाने पसरवली, त्याआधी चर्च अठराशे वर्षं तिच्याशिवाय चाललं होतं.

आणि दुसऱ्या पत्रात तर कमालच आहे. पौल लिहितो की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं कोणी आमच्या नावाने आलेल्या पत्राच्या आधारे सांगितलं तरी घाबरू नका. म्हणजे पौलाच्या नावाने फेक फॉरवर्ड तेव्हाही फिरत होते! शिवाय तिथे काही लोक कामधंदा सोडून नुसते लुडबुड करत फिरत होते, त्यांना त्याने सरळ सांगितलं, ज्याला काम नको त्याने जेवायलाही बसू नये.

योहानाच्या शुभवर्तमानात सूर आणखी वेगळा, सार्वकालिक जीवन मेल्यावर नाही, विश्वास ठेवणाऱ्याला आत्ताच मिळालंय असं. आणि "ख्रिस्तविरोधक" (शेवटच्या काळात येणारा येशूचा शत्रू म्हणतात तो) हा शब्द बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, एकदाही नाही, तो फक्त योहानाच्या पत्रांत आहे आणि तिथेही म्हटलंय की असे पुष्कळ झालेत. प्रकटीकरणाचं पुस्तक पात्म बेटावरून आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं, रोमच्या दहशतीत जगणाऱ्यांना. त्यातला श्वापदाचा आकडा 666 म्हणजे कधी बारकोड, कधी आधार कार्ड, कधी कोविडची लस, असे मेसेज मला आलेत. पण तेव्हा अक्षरांनाच आकड्यांची किंमत असायची आणि "नीरो कैसर" हे रोमच्या सम्राटाचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की 666 येते, काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे तीसुद्धा त्याच नावाच्या दुसऱ्या स्पेलिंगची बेरीज. त्या लोकांना कोणाबद्दल बोललंय ते कळत असणार. आणि पुस्तक संपतं कसं? माणसं वर जात नाहीत, नवं यरुशलेम खाली उतरतं, देव माणसांत राहायला येतो, आणि तिथल्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात.

तारखा काढणारे नवीन नाहीत. अमेरिकेत मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या हिशोबावरून 22 ऑक्टोबर 1844 ठरली होती, काहींनी शेतातलं उभं पीक काढलंच नाही, रात्रभर वाट बघितली आणि सकाळी रडत घरी गेले. 2011 मध्ये कॅम्पिंग नावाच्या रेडिओवाल्याने 21 मेची हॉर्डिंग लावली, ती गेली मग ऑक्टोबरची काढली. तर पुढच्या वेळी अशी बातमी आली की निदान गावातल्या एखाद्या पास्टरला किंवा फादरला एक फोन करा, चौकट छापायच्या आधी, एवढीच विनंती.

आणि हो, 25 तारखेला सकाळी सहा वाजता ग्रुपवर मावशीचा गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग आला. भिशीचे दोन्ही हप्ते तिने ऑक्टोबरमध्ये एकदम भरले.

आपला एक नेहमीचा वाचक,
श्रीरामपूर