बीअरवाहच्या मगरवाल्याविषयी

ब्रिस्बेन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ओंकार हल्ली साप पकडताना मोबाईलवर चित्रीकरण करतो आणि कोणी हटकले की मगरी पकडणाऱ्या ऑस्ट्रेलियन स्टीव्ह इर्विनचे नाव पुढे करतो, असे आपण कळवलेत. इर्विनचे प्राणिसंग्रहालय येथून तासाभराच्या अंतरावर, बीअरवाह गावी आहे. ते नुकतेच पाहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याचा जन्म १९६२ सालचा. वडील बॉब पेशाने प्लंबर, पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वेडापायी त्यांनी १९७० साली बिऱ्हाड मेलबर्नकडून क्वीन्सलँडला हलवले आणि पत्नी लिन यांच्यासह येथे लहानसे उद्यान उघडले. मुलाला सहाव्या वाढदिवसाची भेट मिळाली ती अजगराची; नवव्या वर्षी त्याने पहिली मगर धरली, तीही वडील शेजारी असताना. पुढे ऐंशीच्या दशकात सरकारच्या मगर-व्यवस्थापन योजनेत स्वयंसेवक म्हणून तो कुत्र्याला सोबत घेऊन खारफुटीच्या खाड्यांत मुक्काम ठोकून राही आणि वस्तीजवळ आलेल्या मगरी जिवंत पकडून हलवत असे. १९९० साली बर्डेकिन नदीवर बापलेकांच्या गळाला एक अनोळखी कासव लागले. ती नवी जात निघाली आणि तिला इर्विन हेच नाव मिळाले. १९९२ मध्ये टेरीशी लग्न झाल्यावर मधुचंद्राऐवजी दोघे मगरी पकडायला गेले, आणि निर्माते जॉन स्टेन्टन यांनी केलेले त्याचे चित्रीकरण ‘द क्रोकोडाईल हंटर’ मालिकेचा पहिला भाग ठरले. म्हणजे कॅमेरा आला तेव्हा त्याचा हात बसून बरीच वर्षे झाली होती; ओंकारच्या बाबतीत नेमके उलटे चालले आहे.

त्याचे सगळेच मला पटते असे नाही. २००४ साली महिन्याभराच्या मुलाला काखेत धरून त्याने मगरीला मांस भरवले, तेव्हा देशभर टीकेची झोड उठली आणि ती रास्तच होती. मात्र मालिकेतून मिळालेला पैसा त्याने प्राण्यांसाठी जमिनी घेण्यात घातला, आणि त्याच वर्षी आईच्या स्मरणार्थ येथे वन्यजीवांचे रुग्णालयही उभे राहिले. अखेर २००६ च्या सप्टेंबरात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो गेला तो मगरीमुळे वा सापामुळे नव्हे. उथळ समुद्रात चित्रीकरण चालू असताना पाकट माशाच्या शेपटीचा काटा छातीत घुसला. पाकट सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, हे आपल्या कोकणातले कोळीही सांगतील.

तेथील मगरीचा खेळ पाहताना माझे लक्ष खाऊ घालणाऱ्यापेक्षा त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडे होते. टाळ्यांचा कडकडाट झाला, मगर पाण्याबाहेर उसळली, तरी त्याची नजर तिच्यावरून हलली नाही. ओंकारपाशी असा दुसरा माणूस आहे काय, आणि साप पकडण्यासाठी वनविभागाची परवानगी त्याने घेतली आहे काय, एवढे आपण विचारावे. रागावू मात्र नये, मुलाची आवड खरी आहे. कात्रजच्या सर्पोद्यानात शिकाऊ म्हणून कोणाला घेतात का, याची चौकशी करून कळवावे. येण्याजाण्याचा खर्च मी पाठवीन.

आईस शिरसाष्टांग नमस्कार.

आपला,
मंदार