मोरसला गेलेला माणूस सापडला, थँक्यू!

आमची आजी साखरेला मोरस म्हणायची, आणि खापरपणजोबांचा धाकटा भाऊ "मोरसला गेला तो गेलाच" एवढंच सांगायची. मोरस म्हणजे मॉरिशस हे मला फार उशिरा कळलं बरं का. रत्नागिरीकडचा भूमिहीन गडी, गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, सही कसली, अंगठा देऊन उसाच्या मळ्यात राबायला गेलेला.

मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या मजुरांची रजिस्टरं आहेत, तिथल्या खिडकीतल्या ताईंचे पहिले आभार, कारण मी रत्नागिरी रत्नागिरी करत बसलेले आणि त्यांनी इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली सगळी वेडीवाकडी स्पेलिंगं काढून दिली आणि शेवटी एका ओळीत नंबर, बापाचं नाव, गाव, उंची आणि खूण म्हणून भुवईवरचा व्रण!! माझ्या बाबांचा चेहरा आठवला उगाच.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे हे मजूर बोटीतून उतरायचे तिथे, नेणारे टॅक्सीवाले काका, पैसेच घेईनात. आणि तिथल्याच कास्काव्हेल गावच्या त्या आजी, ज्यांनी जेवू घातलं नि आमच्याच बोलीत विचारलं, "गो, गावाक घर हा मा अजून?"

आहे आजी. पडवी तेवढी पडलीये.