इथे मत देता येतं, सांगलीत नाही

प्रिय बाबा,
सा.न.

फोनवर तुम्ही विचारलंत ना, अरे तुझा पासपोर्ट आपलाच, मग तिकडे ब्रिटनच्या निवडणुकीत तू कसं काय मत दिलंस? तेव्हा गडबडीत होतो म्हणून आता लिहितोय. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या (त्यात भारतही आला) नागरिकांना पार्लमेंटसाठी मत देता येतं, यादीत नाव घातलं की झालं. आमच्या शेजारी एक जर्मन बाई आहेत, कित्येक वर्षं इथेच, टॅक्स भरतात, पोरं इथेच वाढली, पण त्यांना नाही! २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं तेव्हाही त्या घरीच बसल्या, आणि मी तेव्हा इथे असतो तर मला मात्र देता आलं असतं. इंग्रजांच्या जुन्या राज्याचा हिशोब अजून चालू आहे, दुसरं काय.

४ जुलै २०२४ ला, मतदानाच्या दिवशी, गुरुवार होता, सुट्टीबिट्टी काही नाही, ऑफिस सुटल्यावर गेलो. चर्चच्या हॉलमध्ये बूथ, रांग नाही, पोलीस नाही, शाई नाही. फोटो आयडी लागतो म्हणून आपलाच पासपोर्ट दाखवला, तो चालतो. आत दोरीला बांधलेली पेन्सिल! मशीन वगैरे नाही, कागदावर फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायचा. (आई म्हणेल कोणी खोडलं तर? स्वतःचं पेन नेलं तरी चालतं म्हणे.)

निकाल ऐकून तुम्ही चिडणार. जिंकलेल्या लेबर पक्षाला मतं ३४ टक्क्यांच्या आतच, आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना त्यांच्यापेक्षा कमी, १२ टक्के, पण जागा ७२, कारण त्यांची मतं ठराविक मतदारसंघांत एकवटलेली. मला ते रिफॉर्मवाले बिलकुल पटत नाहीत, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांविरुद्ध बोलूनच त्यांचं दुकान चालतं, पण ४० लाखांवर लोकांनी मत दिलं आणि हाती पाच खासदार, हे काही बरोबर नाही. त्यात मतदानच ६० टक्के. अर्थात आपल्याकडे तरी काय, २०१४ ला भाजपचे ३१ टक्क्यांत २८२ आलेच की, पद्धत तीच, मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो निवडून. आणि इथे २०११ ला सार्वमत घेऊन विचारलं होतं बदलायची का, तर दोन तृतीयांशांहून जास्त लोक नको म्हणाले, मग आता रडणार कोणापुढे? मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान सुनक पायउतार, दुपारी लेबरचे स्टार्मर पंतप्रधानांच्या घरात. मशीन, घोटाळा, कोर्ट असलं काही ऐकलंच नाही, ते मात्र आवडलं.

पण खरं सांगू, ७ मेला लोकसभेचं मत देऊन तुम्ही शाईच्या बोटाचा फोटो टाकलात तेव्हा जळलो. सांगलीत अपक्ष निवडून आला आणि मी इथे मोबाईलवर आकडे बघत बसलो. २०१० मध्ये कायदा बदलल्यापासून आम्हा परदेशात राहणाऱ्या भारतीयांना तिकडच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला ओरिजिनल पासपोर्ट घेऊन तिथल्या बूथवर स्वतःच उभं राहायचं. टपालाने नाही, एम्बसीत नाही. एवढं तिकीट काढून कोण येणार?

तरी त्या यादीत नाव घालायचा फॉर्म ६अ भरतोय. पासपोर्टवर पत्ता घरचाच आहे, त्यामुळे बीएलओ (मतदार यादीचे अधिकारी) चौकशीला येतील, दुपारी कोणीतरी घरी असा. आणि विधानसभेची तारीख लागली की लगेच कळवा, रजा आधी टाकावी लागते.

तुमचा,
बंटी