नीलूला काय सांगू?

मुरूड,
आषाढातला पहिला आठवडा

प्रिय बाळ्या,

तिबोटी खंड्या आला. आपल्या वाडीमागच्या पऱ्याच्या दरडीत, आबांनी दाखवलेल्या जागेपासून दोन हात वर यंदा बीळ केलंय, आणि आत पिल्लंही झालीत. फोनवर सांगितलं असतं, पण यातून जी भानगड उभी राहिलीय ती फोनवर मावणारी नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला कळणारीही नाही.

माझी तब्येत बरी आहे. साखर आटोक्यात, हिचे गुडघे पावसात धरतात, बाकी ठीक.

भानगड अशी की बीळ नीलूनेही पाहिलंय. पुण्या-मुंबईचे फोटोवाले या एका पक्ष्यासाठी मागू ते पैसे द्यायला तयार असतात. एका पार्टीचा निरोपही आलाय. जागा आपली, फणसाड अभयारण्याच्या हद्दीबाहेर, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न नाही, असं तो म्हणतो. समोर हिरवं कापड लावून आडोसा करायचा, चार-चार जणांना आत बसवायचं, खाली भाकरी-आमटीची सोय. "आपल्या जिल्ह्याचा पक्षी आहे काका, लोकांनी बघायला नको?" असं म्हणाला. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे म्हणून विचारायला आला. विचारलं याचा मला आनंदच झाला, पण तेव्हापासून झोप नाही.

त्याला लोभी म्हणू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने सुपारीची वाडी आडवी केली, ते तू येऊन पाहिलंस. नवी रोपं लावली, पण सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात. मधल्या काळात त्याने कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. हिवाळ्यात तो पाहुण्यांना सुपेगावच्या वाटेने फणसाडात नेतो. शेकरू, स्वर्गीय नर्तक, हळद्या, नशीब असेल तर चिखलगाणीच्या पाणवठ्यावर भेकर. पोराचा कान तयार आहे, आवाजावरून पक्षी सांगतो. पण पावसाळ्याचे चार महिने खोल्या रिकाम्या आणि हप्ता मात्र चालू. मी तत्त्व सांगून मोकळा होईन, हप्ता त्याला भरायचाय.

आता माझी बाजू ऐक. काल सकाळी छत्री घेऊन पलीकडच्या काठावर बसलो होतो. दोघांतला एक आला (नर-मादी सारखीच दिसतात, तुला माहीतच आहे), चोचीत सापसुरळीचं पिल्लू. करवंदीच्या फांदीवर दोन्ही बाजूंना आपटून ते गप्प केलं आणि मग माझ्याकडे तोंड करून मान खालीवर करत बसला. पोट हळदीसारखं पिवळं, चोच शेंदरी, पाठीवर पावसाचे थेंब. मी हललो नाही, खोकलो नाही, तरी बिळात जाईना. शेवटी मी उठून फणसाआड झालो, तेव्हा कुठे जांभळी रेघ झपकन आत गेली. एका म्हाताऱ्यापायी एक घास अडला, तर चार कॅमेऱ्यांपायी दिवसभरात किती अडतील?

शिवाय ही मंडळी नुसती बसत नाहीत. बिळाच्या तोंडावर लोंबणाऱ्या मुळ्या आणि नेचे फोटोत आड येतात म्हणून छाटतात, पक्ष्याने हवं तिथेच बसावं म्हणून समोर काठी रोवतात. तोंड उघडं पडलं की भारद्वाजाला आणि सापाला आयतं दार.

हे बोललो तर नीलूने लगेच सलीम अलींना मध्ये आणलं. "त्यांनी १९३० च्या पावसाळ्यात इथेच किहीमला सुगरणीच्या घरट्यांपाशी बसूनच अभ्यास केला ना?" हे कुणी शिकवलं ते मला पक्कं ठाऊक आहे! नवरंग पक्ष्याच्या वेळी तू हेच मला ऐकवलं होतंस. त्याच्याच आवाजाचा टेप लावून त्या बिचाऱ्याला फांदीवरून फांदीवर नाचवत होतास, आणि मी तुझ्या बॅटऱ्या पऱ्यात फेकल्या होत्या. तू दिवाळीपर्यंत बोलला नाहीस, पण नंतर टेप कधी लावला नाहीस. बॅटऱ्यांचे पैसे अजून मागतोस, ते मिळणार नाहीत. सुगरणीचं मी नीलूला एवढंच म्हटलं की तिथे सबंध वसाहत होती, आणि बघणारा एक माणूस हंगामभर शिकायला बसला होता. इथे एक जोडी, एक दार, आणि रविवारी येऊन सोमवारी जाणारे लोक. तो गप्प झाला, पण पटलं नाही.

दुसरं काय द्यावं तेही सुचवून पाहिलं. लांबून, पलीकडच्या काठावरून, मोठ्या दुर्बिणीतून दाखव, एका वेळी दोघांनाच. तो म्हणतो, लांबून बघायला एवढे पैसे कोण देतो? खरंच, कोण देतो रे? तुझ्या क्लबातल्या लोकांत कुणी असेल का? आणि पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या कुणाच्या वाडीतलं बीळ शोधून दाखवलं, तर तिथे मी काय अडवणार?

मुग्धाची बदली झाली, बरं झालं. वहिनींच्या मोतीबिंदूचं नीट पार पडलं ना? दादरची जागा विकायची घाई करू नकोस, त्यावर सविस्तर नंतर लिहितो.

पिल्लं उडायला अजून दोन आठवडे तरी लागतील. नीलू त्या पार्टीला शनिवारी कळवणार आहे, तोवर मी त्याला थांबवलंय. पत्र मिळताच ये, नाहीतर निदान त्याच्याशी फोनवर बोल. मी काका पडलो, माझं तो मान म्हणून ऐकतो. तुझं मात्र पटवून घेतो. आलास तर तुझी दुर्बीण आण, माझी भाचीने नेलीय.

तुझा,
नंदू