घोरणं ऐकणाऱ्यालाही विचारा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला घोरण्यावरचा लेख वाचला. कुशीवर झोपावं, वजन उतरवावं, नाक मोकळं ठेवावं हे सल्ले योग्यच आहेत. पण पानभर उपाय देताना घोरण्यामागे आजार असू शकतो, याचा एका ओळीतही उल्लेख नाही. तो राहून जाऊ नये म्हणून हे पत्र.

घोरणाऱ्याला किती गाढ झोप लागलीय, असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या वाटेने हवा जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात, त्याचा हा आवाज. अनेकांचं प्रकरण आवाजावरच थांबतं. काहींची वाट मात्र पूर्ण मिटते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू धोका ओळखून क्षणभर जागा होतो, माणूस हिसका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. हाच स्लीप ॲप्निया. श्वास निदान १० सेकंद थांबला की डॉक्टर त्याची नोंद धरतात. श्वास पुरता न थांबता खूप उथळ झाला आणि ऑक्सिजन उतरला, तर तेही मोजतात. तासाला अशा ५ नोंदींपासून आजार धरतात, ३० किंवा त्याहून जास्त असेल तर तो तीव्र. म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी गुदमरणं, आणि सकाळी त्यातलं काहीही आठवत नाही!

म्हणूनच या आजाराचा खरा साक्षीदार शेजारी जागा असलेला माणूस असतो, आणि नेमकं त्यालाच कुणी विचारत नाही. माझ्या यजमानांचा रक्तदाब गोळ्या वाढवूनही आटोक्यात येत नव्हता. मीठ किती खाता, चालता का, काळजी करता का, सगळं विचारून झालं. रात्री कसे झोपतात, हे मला पहिल्यांदा विचारलं ते फार उशिरा, एका नव्या डॉक्टरांनी. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, काही वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग ते धाप लागल्यासारखे उसळतात, हे मी सांगताच त्यांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, लिहून दिली. आजार तीव्र निघाला. श्वास अडला की प्रत्येक वेळी शरीरात ॲड्रेनलिन उसळतं, रक्तदाब चढतो आणि तो दिवसाही उतरत नाही, हे तेव्हा कळलं. औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाची अनियमित लय, पक्षाघात यांच्याशी स्लीप ॲप्नियाचा संबंध वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. मग रक्तदाबाच्या प्रत्येक तपासणीत झोपेबद्दलचा एक प्रश्न का नसावा?

घरच्यांना माझं सांगणं आहे की आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो मध्येच तुटतो का, याकडे लक्ष द्या. फोनवर रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. एकट्याने राहणाऱ्यांना हा साक्षीदार नसतो, त्यांची मला जास्त काळजी वाटते. उठल्यावर कोरडं पडलेलं तोंड, जड डोकं, रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं, दिवसा बसल्याबसल्या डुलक्या येणं, या खुणा त्यांनी वयावर ढकलू नयेत. बायकांचं तर अनेकदा घोरणंही फारसं जाणवत नाही. थकवा आणि झोप न लागणं एवढीच तक्रार असते आणि तिचं कारण काळजीत शोधलं जातं. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही हा धोका वाढतो. लहान मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) तपासून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट तातडीने छापण्यासारखी आहे. झोपून उठल्यावरही ताजंतवानं वाटत नाही म्हणून काही जण झोपेची गोळी घेतात, काही दारूचा आधार घेतात. दारूने आणि अनेक गुंगीच्या औषधांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, श्वास जास्त वेळ अडकू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना घोरण्याबद्दल जरूर सांगावं.

उपचार आहेत. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये सीपॅपची पद्धत जगापुढे मांडली. मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवणारं हे यंत्र आजही मुख्य उपचार आहे. पहिले काही आठवडे त्रासाचे जातात. नाक कोरडं पडतं, मास्कच्या कडेने हवा निसटते, आणि मास्क लावून झोपायची लाजही वाटते. बरेच जण इथेच यंत्र कपाटात ठेवून देतात. मास्कचं माप बदलून, हवा दमट करणारी सोय जोडून बराच फरक पडतो, पण त्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागतं. यंत्र लावलं त्या रात्रीपुरताच त्याचा उपयोग, हेही रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं. सौम्य आजारात खालचा जबडा पुढे धरणारं साधन चालतं, तर वजन उतरल्याने अनेकांचा आजार कमी होतो.

जगात ३० ते ६९ वयाच्या ९० कोटींहून अधिक लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. 'स्टॉप-बँग' नावाची आठ प्रश्नांची एक सोपी यादी डॉक्टर वापरतात: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि पुरुष असणं. ही यादी पुढच्या पुरवणीत चौकटीत छापावी, आणि श्वास थांबण्याचा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांनी भरायचा आहे, हे तिथे ठळक लिहावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक