आधी खोकं उघडू द्या, मग ओटीपी मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन खरेदीतली फसवणूक ब्लॉकचेन या डिजिटल नोंदवहीच्या तंत्राने थांबेल, असं हल्ली वरचेवर वाचनात येतं. दिवाळीत मी मिक्सर मागवला होता. कुरिअरच्या मुलाने दारात ओटीपी मागितला, मी दिला. तो जिना उतरेपर्यंत खोकं उघडलं, तर आत फरशीचे तुकडे! तक्रारीवर उत्तर आलं, 'आमच्या नोंदीनुसार वस्तू पोहोचली आहे.'

आता ब्लॉकचेनचं सगळं बळ या नोंदीतच आहे. सातबारा-फेरफार हाताळलेल्यांना ते लगेच कळेल. प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीच्या पानात, आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांचा ठसा असतो आणि ही वही एका तलाठ्याच्या कपाटात नसते, अनेक संगणकांवर असते. जुन्या पानावरचं एक अक्षर फिरवलं, तरी पुढचे ठसे जुळत नाहीत. बिटकॉइन हे डिजिटल चलन २००९ पासून असंच चाललंय. पण वहीत काय लिहायचं, ते माणूसच ठरवतो. माझ्या फरशीची 'मिक्सर पोहोचला' अशी नोंद ब्लॉकचेनवर झाली असती, तर ती खोडताही आली नसती.

कार्डनंबर चोरीला जाण्याच्या भीतीवर तर ब्लॉकचेनशिवायच उपाय झाला. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदार संकेतस्थळांना आपला नंबर साठवता येत नाही, टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी वापरायचा पर्यायी क्रमांक, ठेवावं लागतं.

मला उपयोग दिसतो तो स्मार्ट काँट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप अमलात येणाऱ्या कराराचा. अट पुरी होईपर्यंत पैसे विक्रेत्याला मिळत नाहीत. मात्र ती अट कोणती, यावर सगळं आहे. नुसतं वजन नोंदवून भागणार नाही. वजन जुळावं म्हणूनच तर फरशी भरतात! तुळशीबागेत आपण भांडं वाजवून बघतो, मगच पाकिटात हात घालतो. तसं खोकं उघडून वस्तू पाहिल्यावरच ग्राहकाची संमती नोंदवावी. महागड्या मोबाइलसाठी काही कंपन्या दारात खोकं उघडून दाखवतात. मिक्सरवाल्यांनी काय घोडं मारलंय?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी माझे पैसे परत आले. फरशी न्यायला मात्र कोणी फिरकलं नाही. सध्या ती गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे