आते, तुला मराठीतून

प्रिय आते,

सगळ्याजणी तुला ‘आते’ म्हणून हाक मारताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ही यांच्यापैकी कुणाच्या तरी वडिलांची बहीण असणार. आमच्या तासगावाकडं आत्याला आते म्हणतात. तुमच्या तागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण, हे कळायला मला आठ दिवस लागले. आपण मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो, तिथं ‘यू’वर भागतं. मराठीत लिहायला बसले आणि अडले, हिला तुम्ही म्हणू की तू? पण थोरल्या बहिणीला आम्ही अगं-तुगंच करतो, तेव्हा राग मानू नकोस. माझी लेक तुला वाचून सांगेल. मराठीत अशासाठी लिहितेय, की लेकी-मुलांकडं ग्रीन कार्डावर आलेल्या आणि ‘घरात बसून तरी काय करायचं’ म्हणत कामाला लागलेल्या माझ्यासारख्या बायकांनीही हे वाचावं.

आपण काम करायचो ते सहा खाटांचं घर, छोटा वृद्धाश्रमच म्हण. सहा म्हातारी माणसं, दिवसपाळीला आपण दोघी, रात्री मी एकटी. मालक माझ्याच देशातले, मला ‘मावशी’ म्हणायचे. महिन्याची रक्कम ठरलेली. रात्री तीन-तीनदा उठून आजोबांची कूस बदलायची, ओल्या चादरी काढायच्या, ते कुठल्याच हिशोबात नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, “मावशी, तुम्ही घरच्याच की.” मलाही ते खरं वाटलं, हे सांगायला आता लाज वाटते.

तू मात्र मला वेगळंच विचारलंस. “तास लिहून ठेवतेस का?” कशावर लिहू, म्हटलं, तर तू माझ्या खोलीतल्या कालनिर्णयाकडं बोट केलंस आणि खिशातली पेन्सिल काढून दिलीस. मला हसूच आलं. तासगावात त्याच चौकोनांत मी दुधाचा हिशोब लिहायची, अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. त्या दिवसापासून उठल्याची वेळ, पाठ टेकल्याची वेळ आणि रात्री किती वेळा उठले ते लिहू लागले. चार महिन्यांनी बेरीज तूच केलीस. मी आकड्याकडं बघतच राहिले.

इथं कॅलिफोर्नियात मजुरीच्या तक्रारी ऐकणारा सरकारी अधिकारी असतो, लेबर कमिशनर. त्याच्याकडं तक्रार करायला फी नाही, वकील लागत नाही, दुभाष्या तेच देतात, आणि व्हिसाचे कागद कुणी विचारत नाही. हे मला माहीतच नव्हतं. आमच्या मंडळात एवढी शिकलेली माणसं, पण कुणी बोललं नव्हतं. उलट ‘घरातली गोष्ट बाहेर कशाला?’ असं दोघी-तिघींनी सुनावलं. तू तुझा दोन दिवसांचा रोज बुडवून माझ्याबरोबर आलीस. मालकांकडं तासांची नोंदवही नव्हती. साहेबबाईंनी माझं कालनिर्णय उलटंसुलटं करून पाहिलं, संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ कसली म्हणून विचारलं, आणि माझ्या पेन्सिलीच्या रेघा एकेक करून मोजल्या. सगळे पैसे मिळाले नाहीत. जे मिळाले ते हप्त्या-हप्त्यानं. पण मिळाले.

‘आपलाच माणूस असा कसा वागला’ म्हणून मी रडत होते, तेव्हा तू समजूत घातली नाहीस. एवढंच म्हणालीस, “आमच्यातही मालक फिलिपिनो आणि राबणारी फिलिपिनो असतेच.” आणि पुढच्या सुट्टीला मला गाडीत घालून डेलानोला नेलंस, तुमच्या द्राक्षमजुरांनी संप केला त्या गावी.

चार तासांची वाट, शेवटी दोन्हीकडं द्राक्षबागा. घड बघून माझ्या तोंडून ‘थॉमसन!’ निघालं आणि तू गाडीच थांबवलीस. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाला हे नाव मिळालं ते तुमच्या या कॅलिफोर्नियात, आणि त्यातूनच पुढं तासगावची तास-ए-गणेश ही जात निघाली. मी बाईमाणूस विरळणीला गेलेली आहे, आते. डोक्यावर हात धरून घडातले मणी कातरायचे, संध्याकाळी मान वळत नाही. त्यामुळं तू त्या संपाचं सांगत होतीस ते मला कानानं नाही, खांद्यानं कळत होतं. मजुरांनी तासाला १ डॉलर ४० सेंट मागितले. ८ सप्टेंबर १९६५ला फिलिपिनो मजुरांनी काम बंद केलं. मळेवाल्यांनी मजुरांच्या छावणीतला गॅस, दिवे, पाणी तोडलं. संप मोडायला मेक्सिकन मजूर आणायचे, हा नेहमीचा डाव. म्हणून फिलिपिनो मजुरांचा पुढारी लॅरी इटलिओंग, कामावरच्या अपघातात तीन बोटं गेलेला तो माणूस, मेक्सिकन मजुरांचा पुढारी सेझार चावेझकडं गेला, आणि आठ दिवसांत मेक्सिकन मजूरही बाहेर पडले. करार व्हायला १९७०चा जुलै उजाडला. पाच वर्षं! नाव मात्र जगाला चावेझचंच माहीत. मलाही तेवढंच माहीत होतं.

आग्बायानी व्हिलेजच्या ओसरीवर बसून तू तुमच्या ‘मानोंगां’बद्दल बोललीस. मानोंग म्हणजे दादा. विशीत आलेली पोरं, बायका फारशा आल्याच नाहीत, आणि गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्यानं बंदी, ती १९४८ला उठली. म्हातारे झाले तेव्हा ना बायको ना लेकरू, छावणीतलं छप्परही संपात गेलेलं. म्हणून १९७४ला स्वयंसेवकांनी राबून त्यांच्यासाठी हे घर उभं केलं. संपकऱ्यांच्या पहाऱ्यावर, पिकेटवर, उभा असताना ज्याचं हृदय बंद पडलं, त्या पाउलो आग्बायानीचं नाव त्याला दिलं. मला आपली सहा खाटांची खोली आठवली. तिथल्या लोकांना निदान रविवारी भेटायला कुणीतरी यायचं.

आता तुमच्या कामगारांच्या शनिवारच्या बैठकीला मीही येते. शेवटी तुमची ती टाळी, आधी सावकाश, मग जोरात, जोरात, आणि ‘इसांग बागसाक’ म्हणून एकच दणका. आरतीत वाढत जाणाऱ्या टाळ्यांची सवय असल्यानं मी ठेका चुकत नाही, पण थांबायला मात्र चुकते. तुमचा तो आंबवलेल्या कोळंबीचा बागोओंग अजून मला झेपत नाही, कोकणातली असते तर कदाचित झेपला असता.

पुढच्या शनिवारी लवकर ये. त्या नेपाळी बाईचा तक्रारीचा अर्ज भरायचाय. तिलाही कालनिर्णय दिलं होतं, आकडे तिनं आपल्या लिपीत लिहिलेत आणि ते मला वाचता येतात, त्यामुळं बेरीज लावून ठेवलीय. पान्सितमध्ये, तुमच्या त्या शेवयांत, कोळंबी घातलीस तरी चालेल, त्या दिवशी माझा उपास नाही.

तुझी धाकटी बहीण